दुसरा मसुदा पहिल्यासारखाच येतो तेव्हा

मराठीच्या शिक्षकांची कुठंही गाठ पडली की ही तक्रार निघतेच. मुलांना गूगल डॉक्सवर मत मांडायला लावलं, कॉमेंट लिहून दिल्या, आठवडा दिला. आठवड्यानं दुसरा मसुदा उघडला तर तो पहिलाच. एखादी वेलांटी दीर्घ झालेली, कुठं पूर्णविराम पडलेला, बाकी शब्दन्‌शब्द तोच. वाटतं, मुलांनी कॉमेंट वाचल्याच नाहीत. खरं तर बहुतेकांनी वाचलेल्या असतात.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला शिकवते. ही अडचण माझ्याकडे सलग तीन वर्षं आली. दोन वर्षं मी चुकीच्या जागी दुरुस्ती करत होते. तिसऱ्या वर्षी काय सापडलं ते इथं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाची ती दोन वर्षं वाचतील.

आधी बघा, नेमकं बिघडलंय काय

मुलाला काही बोलण्याआधी संगणकावर त्याचा मसुदा उघडा. फाइल, मग व्हर्जन हिस्ट्री, मग सी व्हर्जन हिस्ट्री. उजवीकडे तारीख-वेळेसह जुन्या आवृत्त्यांची यादी येते आणि कुणी काय बदललं ते रंगात दिसतं. ही यादी दिसत नसेल तर तुम्हाला एडिटरचा हक्क मिळालेला नाही. नुसत्या व्ह्यूअरला किंवा कॉमेंट करणाऱ्याला इतिहास बघता येत नाही. मुलाकडून हक्क बदलून घ्या.

इथं तीन तऱ्हा दिसतात. एक, मजकुरात इकडं-तिकडं रंगाचे बारीक ठिपके, म्हणजे अक्षरं सुधारली, वाक्यं जागची हलली नाहीत. दोन, अख्खा निबंध एकाच मिनिटात एकाच रंगात आलेला, म्हणजे कुठून तरी आणून चिकटवलाय. तीन, इतिहासच आज सकाळी सुरू झालेला. तिसऱ्याची काळजी नको. मुलानं 'मेक अ कॉपी' केलेली असते, आणि कॉपीबरोबर जुना इतिहास येत नाही. मूळ फाइल मागवा, काम झालं. दुसऱ्या तऱ्हेबद्दल पुढं लिहिलंय. पहिली तऱ्हा हीच खरी दुखण्याची जागा.

'घाण होतंय, टीचर'

आमच्या लॅबमध्ये एक दिवस मी दहावीतल्या एका मुलीच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या दुसऱ्या वाक्याला मी कॉमेंट लावली होती. तिनं कर्सर वाक्याच्या शेवटी नेला, एक अक्षर पुसलं, थांबली आणि तेच अक्षर परत टाइप केलं. पुन्हा तसंच.

मी म्हटलं, "का ग, काढून टाक की ते वाक्य."

ती म्हणाली, "घाण होतंय, टीचर."

पडद्यावर काही घाण होत नाही. पण तिचा हात वहीवर तयार झालेला होता. पाचवीपासून आपण तिला काय सांगत आलो? अक्षर वळणदार काढ, खाडाखोड करू नको, खाडाखोडीचे गुण कापीन. रफ वही वेगळी, फेअर वही वेगळी. रफमधलं फेअरमध्ये उतरवायचं ते शुद्धलेखन नीट करून, पण वाक्य न बदलता. मग मी 'दुसरा मसुदा लिही' म्हटलं की तिनं काय करावं? तिनं फेअर केलं. आपण शिकवलेलं तिनं चोख पाळलं होतं. मी दोन वर्षं कॉमेंट कशा लिहाव्यात यावर डोकं लावत बसले, आणि अडचण 'मसुदा' या शब्दाच्या मुलांनी लावलेल्या अर्थात होती.

म्हणून आता वर्षाच्या सुरुवातीचा तास मी मोडण्यासाठी ठेवते. प्रोजेक्टरवर माझा स्वतःचा लिहिलेला परिच्छेद उघडते, सगळ्यांदेखत अख्खा निवडते आणि डिलीट दाबते. वर्ग दचकतो. मग व्हर्जन हिस्ट्रीतून कालची आवृत्ती उघडून 'रिस्टोअर' करते. मजकूर जसाच्या तसा परत येतो, आणि मधली मोडलेली आवृत्तीसुद्धा यादीत शिल्लक राहते. त्यानंतर प्रत्येकानं आपला पहिला परिच्छेद स्वतःच्या हातानं पुसायचा आणि परत आणायचा. दहा मिनिटं जातात. काही मुलं दोन-तीनदा करून बघतात, बघू द्यावं. यादीतल्या आवृत्तीला तारखेऐवजी नाव देता येतं, तेही तिथंच शिकवते. 'मामाला विचारण्याआधी' असं नाव दिलेली आवृत्ती मूल दोन महिन्यांनीही ओळखतं.

शब्दही बदलला. 'दुसरा मसुदा' मी म्हणत नाही. आम्ही मोडजोड म्हणतो. या आठवड्यात कुठलं वाक्य मोडलंस, हा प्रश्न मुलांना लगेच कळतो.

ज्यांचा हात तरीही उचलत नाही त्यांच्यासाठी सजेस्टिंग मोड चांगला. त्यात पुसलेलं वाक्य नाहीसं होत नाही, त्यावर रेघ ओढलेली दिसते आणि नवं वाक्य बाजूला येतं. मोबाइलवरच्या ॲपमध्येही तीन ठिपक्यांखाली ही सोय आहे. मात्र हा मोड मुलानं स्वतःच्या मजकुरावर वापरावा. मी पूर्वी सजेस्टिंगमध्ये मुलांची वाक्यं सुधारून द्यायचे. मुलं बरोबरच्या खुणेवर बोट ठेवत जायची आणि पाच मिनिटांत निबंध माझा व्हायचा.

एकच कॉमेंट, तीही प्रश्न

भीती गेली तरी मोडायचं काय हे मुलाला कळत नाही. तिथं कॉमेंटचं काम सुरू होतं. माझ्या जुन्या कॉमेंट मोजल्या तेव्हा एका मुलाच्या पानावर चौदा निघाल्या, त्यातल्या अकरा ऱ्हस्व-दीर्घाच्या. मूल शहाणं असतं. सोप्या अकरा निपटतं, अवघड तीन सोडतं, आणि चौदांपैकी अकरा झाल्या म्हणून समाधानानं झोपतं.

आता एका फेरीत एका मुलाला एकच कॉमेंट. शुद्धलेखन शेवटच्या दिवशी, सगळं एकदम. आणि कॉमेंट आज्ञेच्या रूपात नाही. 'मुद्दा स्पष्ट कर' हे मी शेकडो वेळा लिहिलं असेल, त्यानं एकाचाही मुद्दा स्पष्ट झालेला मला आठवत नाही.

एका मुलाच्या परिच्छेदाचं सांगते. विषय त्यानंच निवडलेला, गळीत हंगामातली उसाची वाहतूक. पहिला मसुदा असा होता:

'आजच्या आधुनिक युगात वाहतूक ही काळाची गरज आहे. ऊस हे आपल्या भागातील महत्त्वाचे पीक आहे. उसाच्या ट्रॉलीमुळे अपघात होतात. म्हणून सर्वांनी काळजी घेतली पाहिजे. सरकारनेही लक्ष दिले पाहिजे.'

यात शुद्धलेखनाची चूक नाही. लाल पेनाला जागाच नाही. मी फक्त चौथ्या वाक्यावर लिहिलं: 'सर्वांनी म्हणजे कुणी? आज संध्याकाळी तुझ्या गावच्या रस्त्यावर कुणी काय करायचं?'

दोन दिवसांनी त्या वाक्याच्या जागी आलं: 'ट्रॉलीवाल्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावा.' आता हे मत झालं, कारण कुणीतरी याला नाही म्हणू शकतं. म्हणून पुढची कॉमेंट तीच केली: 'ट्रॉलीवाला यावर काय म्हणेल?' त्याचे मामा ट्रॅक्टर चालवतात. त्यानं रविवारी त्यांनाच विचारलं. मामा म्हणाले, रिफ्लेक्टर आहे रे, पण मोळ्यांची टोकं मागं येतात, पाला लोंबतो, तो झाकून जातो. इथं मुलाचं मतच हललं. शेवटी हा परिच्छेद आला:

'अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. उसाची टोकं दिसतात, तीही अगदी जवळ गेल्यावर. रिफ्लेक्टर असतो, पण लोंबणाऱ्या पाल्याखाली झाकतो. माझे मामा ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणतात, भरताना घाई असते, मागं जाऊन कुणी बघत नाही. माझं म्हणणं आहे की फडातून निघायच्या आधी ड्रायव्हरनं मागं जाऊन लोंबणारा पाला छाटावा आणि रिफ्लेक्टर फडक्यानं पुसावा. याला नवा कायदा लागत नाही, कोयता ट्रॉलीतच असतो.'

'आजच्या आधुनिक युगात' हे वाक्य कधी गेलं ते मी इतिहासात शोधलं. मामांशी बोलून आल्याच्या संध्याकाळी गेलं होतं. ते काढ असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

कॉमेंटची एक छोटी अडचण इथंच सांगते, कारण ती फार जणांना येते. मुलं कॉमेंटवरच्या बरोबरच्या खुणेला हात लावतात, कॉमेंट पानावरून नाहीशी होते आणि त्यांना वाटतं काम झालं. आमचा नियम असा: खूण दाबण्याआधी कॉमेंटखाली एका वाक्यात लिहायचं, काय मोडलं आणि का. मिटवलेल्या कॉमेंट वरच्या कोपऱ्यातल्या कॉमेंटच्या चिन्हावर गेलं की परत वाचता येतात, हेही मुलांना दाखवून ठेवावं.

चिकटवलेला निबंध

दुसरी तऱ्हा, एका मिनिटात आलेला निबंध. पूर्वी तो गाइडमधून यायचा, आता चॅटबॉटकडून येतो. रागावून उपयोग होत नाही, मूल पुढच्या वेळी तोच मजकूर हळूहळू टाइप करतं आणि इतिहासही साफ दिसतो. मी त्यातलं एक वाक्य उचलते आणि म्हणते, हे खरं आहे का बघून ये.

कणकुंबीकडच्या एका मुलीनं म्हादई नदीच्या पाणीवाटपावर असा निबंध आणला होता. म्हादईला मिळणारा कळसा नाला तिच्याच भागातला. निबंधात लिहिलं होतं की पाणीतंटा लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं आणि ते सगळं मलप्रभा नदीत वळवून हुबळी-धारवाडला जाणार. आकडा बरोबर होता, लवादाचा निवाडा २०१८ चा. मी एवढंच विचारलं, सगळं वळवणार का, आणि एक टीएमसी म्हणजे किती?

तिनं शोधलं. १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, १.५० खोऱ्यातल्याच वापरासाठी, आणि मलप्रभेत वळवायला ३.९० टीएमसी, त्यात कळसाचं १.७२ आणि बंडुरी नाल्याचं २.१८. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. हे फळ्यावर मांडल्यावर चिकटवलेल्या निबंधातलं मधलं पान आपोआप कोसळलं. आपल्या बाजूनं बोलतोय म्हणून वाक्य खरं ठरत नाही, हे तिला माझ्या सांगण्यानं कळलं नसतं. निबंध तिनं नव्यानं लिहिला. मत जवळपास तेच राहिलं, पण आता तिला कुणी अडवलं असतं तर ती बोलू शकली असती.

चॅटबॉटचा एक उपयोग मात्र मी मुद्दाम करते, माझ्या खात्यावरून, प्रोजेक्टरवर. मुलाचा मसुदा दाखवून विचारते, याच्याशी न पटणारा माणूस काय म्हणेल? चार-पाच उत्तरं येतात. त्यातली आपल्या गावात खरोखर ऐकू येतील अशी कुठली, ते वर्ग ठरवतो, आणि उत्तर मुलानं स्वतः लिहायचं. उसाच्या निबंधाला मामा भेटले. सगळ्यांना मामा भेटत नाहीत.

विषय कुठला द्यावा

मोडजोड नीट होत नसेल तर विषय मोठा असतो, हे बहुतेक वेळा खरं निघतं. 'पर्यावरण' दिलं की मूल हवेत लिहितं. ओढ्याकाठचा कचरा, आठवडी बाजाराची जागा, सकाळच्या बसची वेळ, शाळेत मोबाइल असावा का, असे विषय द्यावेत. ज्यावर घरी दोन माणसांचं दोन म्हणणं असतं, तो विषय चालतो.

सीमाप्रश्नाबद्दल विचारलं जातंच, म्हणून स्पष्ट लिहिते. तो विषय मी पहिल्या सहामाहीत देत नाही. कमी महत्त्वाचा म्हणून नाही, माझ्या घरात तीन पिढ्यांनी तो जगलाय. पण मुलाकडे त्यावर आजोबांची, बाबांची, गल्लीतल्या फलकांची वाक्यं तयार असतात, आणि आजोबांचं वाक्य मोडायला चौदा वर्षांच्या मुलाचा हात उचलत नाही. उचलू नयेही. आधी उसाच्या ट्रॉलीवर मोडायला शिकू दे. जानेवारीनंतर विषय दिला की मुलं फलकावरची वाक्यं सोडून स्वतःच्या दाखल्याचं, आज्जीच्या सातबाऱ्याचं, दवाखान्यातल्या फॉर्मचं लिहितात. गेल्या वर्षी एका मुलानं आज्जीला कन्नडमधली नोटीस वाचून दाखवल्याचं लिहिलं. तो परिच्छेद वाचताना वर्गात कुणी बोलत नव्हतं.

भाषा आणि कळफलक

'ट्रॉलीला ओव्हरटेक कराला गेला की समोरनं गाडी येते' असं मुलानं लिहिलं तर पहिल्या फेऱ्यांत मी 'कराला'ला हात लावत नाही. ती आमची बोली आहे आणि विचार त्याच बोलीत येतो. प्रमाण मराठी शेवटच्या दिवशी. बोलून टाइप करणाऱ्या मुलांना हे आधी सांगा. टूल्समधल्या व्हॉइस टायपिंगला, क्रोममध्ये भाषा मराठी लावली की मराठी कळते, पण आपल्याकडची क्रियापदं ते भलतीच लिहितं आणि मुलाला वाटतं आपणच चुकीचं बोललो. बोलून झालं की लगेच एकदा मोठ्यानं वाचून घ्यावं.

बाकीचं थोडक्यात. 'शाळा'च्या जागी 'शाला' येत असेल तर मोबाइलवर हिंदीचा कळफलक आहे, मराठीचा लावा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होत असेल तर ते मुलाचं अज्ञान नाही, 'ऱ' वेगळं अक्षर म्हणून टाइप करावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नव्यानं टाइप करा.

एक फोन, दोन भावंडं

फोन बाबांचा, तो संध्याकाळी सातला घरी येतो, आणि खातंही बाबांचं. मग इतिहासात दोन्ही भावंडांच्या बदलांपुढं बाबांचं नाव दिसतं. अशा घरी प्रत्येकाची फाइल वेगळी ठेवा आणि नावात मुलाचं नाव घाला. १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गूगल खातं परस्पर काढता येत नाही, पालकांमार्फतच काढावं लागतं. 'लिंक असलेल्या कुणालाही बदल करता येईल' अशी फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. लॉगिन न केलेला माणूस तिथं निनावी प्राण्याच्या नावानं येतो, आणि वाक्य कुणी पुसलं ते शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या वर्गात एकदा असा अख्खा निबंध गेला. परत आणला, पण ज्याचा होता तो मुलगा त्यानंतर महिनाभर फाइलच उघडेना.

जंगलपट्ट्यात रेंज जाते. शाळेत असतानाच ॲपमध्ये फाइल 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवायला लावा. घरी रेंजशिवाय लिहिलेलं दुसऱ्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर आपोआप चढतं. तोपर्यंत तीच फाइल दुसऱ्या फोनवर उघडून लिहू नका.

परीक्षा तर कागदावरच आहे

हे पालक विचारतात, आणि बरोबर विचारतात. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, पहिली भाषा मराठी, १२५ गुणांची, आणि लेखी पेपर हातानंच लिहायचा. तिथं व्हर्जन हिस्ट्री नाही. म्हणून डिसेंबरपासून आम्ही मोडजोड कागदावर आणतो. निबंधाआधी उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर तीन ओळी: माझं म्हणणं काय, कुणाला पटणार नाही, त्याला काय सांगू. पाच मिनिटं. मग निबंध.

आणि वही तपासताना खाडाखोडीचे गुण कापणं मी बंद केलंय. अट एकच, गिरगटायचं नाही, एका सरळ रेघेनं खोडायचं, म्हणजे खालचं वाक्य वाचता येतं. 'घाण होतंय' म्हणणाऱ्या त्या मुलीची सराव परीक्षेची वही माझ्याकडे आहे. निबंधाच्या पहिल्याच ओळीवर पट्टीनं आखल्यासारखी रेघ आहे. खाली 'आजच्या युगात' अजून वाचता येतं, आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'आमच्या गल्लीत नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी येतं.'